गाडी निघाली टेम्पोतून!

नवा जॉब, नवं शहर, नवा फ्लॅट... पण बाइक मात्र तीच हवी! मग तिला न्यायची कशी? दोरीचे चार वेढे मारले की काम झालं असं वाटत असेल, तर जरा थांबा. मलाही तसंच वाटलं होतं.

ऑफर लेटर हातात पडलं की आपण काय काय बघतो? पॅकेज, जॉइनिंग डेट, नोटीस पीरियड, नव्या शहरातली भाडी... सगळं! मित्रमैत्रिणींना पार्टी देऊन होते, सामानाची एक्सेल शीटसुद्धा तयार होते. आणि मग निघायच्या चार दिवस आधी पार्किंगमध्ये उभं असताना ट्यूब पेटते. अरेच्चा, हिचं काय करायचं?

‘ही’ म्हणजे माझी बाइक. माझी म्हणजे खरं तर अण्णांची. १९९४ ची यामाहा आरएक्स १००. आपल्याकडे ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, वजन शंभर किलोच्या आसपास. आजही सिग्नलला तिचा आवाज आला की चाळिशीपुढचे काका लोक हमखास मान वळवतात. आमचे अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आयुष्यभर लाल डब्यांच्या पोटाखाली झोपून काम केलं, पण स्वतःसाठी हौसेनं घेतलेली गाडी ही एकच. २०१९ मध्ये मला पुण्यात पहिला जॉब लागला, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाले, “ने. पण नीट ने.”

या ‘नीट’चा अर्थ कळायला मला चार वर्षं लागली!

जे करू नये ते सगळं

जून २०१९. सातारा ते पुणे. अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. पाऊस सुरू झालेला, सामान न्यायला बंद बॉडीचा टेम्पो येणारच होता. मग काय, टाका बाइक पण त्यातच! दोन चुलतभाऊ मदतीला आले. “तू बाजूला हो, तुला नाही झेपायचं,” असं म्हणत त्यांनी गाडी उचलून हौद्यात चढवली, डबल स्टँडवर उभी केली आणि कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीनं हँडल बाजूच्या पाइपाला बांधून टाकलं. वर हँडल लॉक. शेजारी टेकू म्हणून गादी. पुण्यात गेल्या गेल्या धावपळ नको म्हणून मी आदल्याच दिवशी टाकी फुल्ल केली होती. किती शहाणी ना मी?

खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की तो ‘एस’ आकाराचा उतार लागतो. जे त्या रस्त्यानं गेलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, आमच्या ड्रायव्हरकाकांनी मारला आणि मागून ‘धाड’ असा आवाज आला. काका म्हणाले, “काय नाय ताई, गादी पडली असंल.” मीही हो म्हटलं. उतरून बघायचा कंटाळा, दुसरं काय!

खेड शिवापूरच्या टोल नाक्यापाशी काकांनी बिडी पेटवली आणि दार उघडायला मागं गेले. कडी काढली आणि भपकन पेट्रोलचा वास आला. काकांनी बिडी तिथल्या तिथे चिखलात विझवली. बाइक आडवी, टाकीच्या झाकणातून थेंब थेंब पेट्रोल गळतंय आणि माझी गादी ते शांतपणे पितेय! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचून राहते. आणि पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. जूनमधला बंद टेम्पो म्हणजे काय असेल, विचार करा. ती बिडी अजून दोन पावलं पुढे गेली असती तर मी आज हा लेख लिहीत नसते.

नुकसान? क्लच लिव्हर मोडला, इंडिकेटर फुटला आणि टाकीवर मुठीएवढा पोचा पडला. पुढच्या रविवारी अण्णा एसटीनं पुण्याला आले. पार्किंगमध्ये गेले, पोच्यावरून एकदा हात फिरवला, नवा लिव्हर बसवला, चहा घेतला आणि परत गेले. एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं हो! पोचा काढून घेऊ का असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, “राहू दे. लक्षात राहील.”

राहिलं.

चला बंगळुरूला!

२०२३ मध्ये बंगळुरूची ऑफर आली. पुण्यापासून साधारण ८४० किलोमीटर. पर्याय चार होते.

एक, चालवत न्यायची. एकोणतीस वर्षांची टू-स्ट्रोक आणि सलग हायवे? रोमँटिक आहे, पण नको. दोन, रेल्वेचं पार्सल. तिथे टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात नीट पॅक करून द्यावी लागते. स्वस्त पडतं, पण चढवताना-उतरवताना आपण बाजूला नसतो. तीन, पॅकर्स अँड मूव्हर्स. ते चांगलं बांधतही असतील, पण पोच्याचं दुःख माझं होतं, त्यांचं नव्हे! चौथा पर्याय आपोआपच मिळाला. माझी एक टीममेट माझ्यासोबतच शिफ्ट होत होती. दोघींनी मिळून एक बंद बॉडीची पिकअप व्हॅन ठरवली. अर्धं भाडं तिचं, अर्धं माझं. आणि मी जाहीर करून टाकलं, की बाइक मीच बांधणार.

मग रोज रात्री अण्णांना फोन. चार वर्षांत ज्या विषयावर आम्ही बोललो नव्हतो, त्यावर आठवडाभर तासतासभर बोललो. त्यातून जे शिकले, ते तुमच्यासाठी.

फंडा नंबर १ : स्टँड विसरा

अण्णांचा पहिलाच प्रश्न : “डबल स्टँड लावताना गाडी मागं ओढतेस ना? मग काढताना?” पुढे ढकलते! बस, सगळं गणित इथेच आहे. टेम्पोनं ब्रेक मारला की आतली गाडी पुढे जायला बघते, म्हणजे स्टँडवरून आपण होऊनच उतरते. २०१९ मध्ये नेमकं हेच झालं होतं. साइड स्टँडचं दुखणं वेगळं. सगळा भार एका बाजूला जातो, आणि पट्टे ताणले की तो इवलासा स्टँड वाकतो किंवा हौद्याच्या पत्र्यात घुसतो.

म्हणून गाडी उभी राहते ती स्वतःच्या दोन चाकांवर, आणि तिला धरून ठेवतात ते पट्टे. पुढचं चाक सरळ केबिनच्या भिंतीला टेकवायचं. भिंतीचा पत्रा पातळ असेल तर मध्ये प्लायवूडचा तुकडा. चाक डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून मी सुताराकडून दोन त्रिकोणी लाकडी ठोकळे करून घेतले आणि एका जाड प्लायवर स्क्रूनं बसवले. चाक त्या खोबणीत बसलं की अर्धी लढाई जिंकली. हँडल लॉक मात्र करायचं नाही. हँडल सरळ राहिलं तरच दोन्ही बाजूंचा ताण सारखा बसतो.

फंडा नंबर २ : दोरी नको, पट्टा हवा

नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि एकदा लांबली की गाठ कितीही पक्की असो, उपयोग शून्य. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन मी रॅचेटचे पट्टे घेतले, तेच ते ट्रकवाले वापरतात ते, खटक्यानं घट्ट होणारे. घेताना पट्ट्यावरचं लेबल वाचा. चांगल्या पट्ट्यावर ‘एलसी’ म्हणून आकडा असतो, डेकान्यूटनमध्ये. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानानं एका किलोचा भार. लेबलच नसेल तर तो पट्टा सुटकेस बांधायला ठेवा!

किती भार धरायचा? माल बांधण्याचं जे युरोपियन स्टँडर्ड आहे, ईएन १२१९५, त्यात रस्त्यावरच्या वाहनासाठी पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि मागं व बाजूला निदान निम्मा जोर धरतात. म्हणजे माझी शंभर किलोची आरएक्स जोरात ब्रेक लागल्यावर ऐंशी किलोच्या जोरानं पुढे येणार, आणि वळणावर पन्नास किलोनं बाजूला कलणार. तुमची १९५ किलोची क्लासिक ३५० असेल तर आकडे जवळपास दुप्पट. कपड्याच्या दोरीवर हे सोडून मी केबिनमध्ये गाणी ऐकत बसले होते, आठवलं तरी अंगावर काटा येतो.

फंडा नंबर ३ : कुठे बांधायचं?

हँडलला नाही! हँडलच्या टोकांना बांधलं की तेच वाकतं किंवा फिरतं. पुढचे दोन्ही शॉकअप जिथे एकत्र धरलेले असतात, ती खालची ‘टी’ सगळ्यात दणकट. पण पट्ट्याचा लोखंडी हूक थेट तिथे अडकवला तर रंग जातो. म्हणून आधी कापडी पट्ट्याचा एक छोटा फास, ज्याला बाजारात सॉफ्ट लूप म्हणतात, तो टीभोवती घालायचा आणि हूक त्यात. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही पट्टे खाली, पुढे आणि बाहेरच्या दिशेनं, साधारण ४५ अंशांत हौद्याच्या हुकांना जायला हवेत. वरून पाहिलं की इंग्रजी ‘व्ही’ दिसतो. हौद्याचे हूकही आधी जोर लावून ओढून बघा. गंजलेल्या हुकाला चांगला पट्टा लावणं म्हणजे एफडी मोडून लॉटरी घेणं!

मागचे दोन पट्टे फ्रेमला किंवा चिमट्याला, खाली आणि मागच्या बाजूला. खड्ड्यात मागचं चाक उडून बाजूला सरकू नये, एवढंच त्यांचं काम. म्हणजे कमीत कमी चार पट्टे. मी मागच्या चाकाला पाचवा लावला. भीती हो, बाकी काही नाही. सीटवरून पट्टा मात्र टाकू नका. सीट दबत राहते, पट्टा सैल होत राहतो.

फंडा नंबर ४ : किती घट्ट?

इथे सगळे चुकतात. कमी ताणलं तर खड्ड्यात शॉकअप दबतात, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि हूक निसटतो. जास्त ताणलं तर शॉकअपच्या सीलवर सतत दाब पडतो आणि ती गळायला लागतात. पुढचे शॉकअप त्यांच्या हालचालीच्या एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत दाबले जावेत, बास. रॅचेटला जोर कळत नाही, आपल्याला कळायला हवा. दोन खटके डावीकडे, दोन उजवीकडे असं आलटून पालटून ताणायचं. एकजण तोपर्यंत गाडी धरून ठेवतो. उरलेलं पट्ट्याचं टोक गुंडाळून बांधायचं, नाहीतर ते वाऱ्यावर फडफडतं किंवा चाकात अडकतं. शेवटी पहिला गिअर टाकायचा आणि पुढचा ब्रेक रबरानं दाबून ठेवायचा. पण ही फक्त जोड. खरं काम पट्ट्यांचंच.

फंडा नंबर ५ : पेट्रोल

यात नो कॉम्प्रमाइज! टाकीत अगदी थोडं पेट्रोल, नव्या घरापासून जवळच्या पंपापर्यंत पोचण्यापुरतं. आदल्या संध्याकाळी मोकळ्या जागेत मी पेट्रोल कॉक बंद केला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. झाकणाचं रबर तपासलं. व्हॅनच्या मागच्या बाजूला हवा खेळती राहील अशी जाळी आहे ना, ते बुकिंग करतानाच विचारलं होतं. आणि ड्रायव्हरकाकांना निघण्यापूर्वीच सांगितलं, “काका, बिडी-सिगारेट गाडीपासून लांब जाऊनच. माझ्यासाठी एवढं कराच.” काका हसले, पण बंगळुरूपर्यंत पाळलं त्यांनी.

प्रत्यक्ष चढाई

शनिवारी सकाळी काकांनी व्हॅन सोसायटीच्या गेटबाहेरच्या ओट्याला रिव्हर्समध्ये लावली. ओट्यामुळे चढ निम्म्यानं कमी झाला. दोन जाड फळ्या शेजारी शेजारी. एक बाइकसाठी, एक मला चालायला. फळ्यांची वरची टोकं हौद्याला दोरीनं बांधली (दोरीचा हा एवढाच उपयोग!), नाहीतर चाकाच्या धक्क्यानं फळी मागं निसटते. बाइकवर बसून, इंजिन चालू करून, हिरोसारखं वर चढवायचा मोह बिलकुल नको. मी डावीकडून हँडल आणि ब्रेक धरला, टीममेट आणि वॉचमनकाका मागून. “मॅडम, तुम्ही व्हा बाजूला, आम्ही करतो,” असं कुणीतरी म्हणालंच. मी म्हटलं, “नको. हिला मीच पाडली होती, मीच चढवणार.”

पट्टे लावायला पाऊण तास लागला. शेवटची टेस्ट अण्णांनी शिकवलेली. हँडल धरून गाडी जोरात हलवायची. नुसती गाडी हलली तर बांधणी कच्ची. गाडीबरोबर अख्खी व्हॅन डुलली तर पक्की. व्हॅन डुलली!

बाकीचं सामान मागच्या भागात रचलं, पण बाइकच्या अंगाला काहीही टेकवलं नाही. गादी तर नाहीच नाही.

वाढे फाटा

पहिला स्टॉप मुद्दाम खेड शिवापूरला घेतला. तोच नाका, तेच दार, पण वास नाही. डावा पुढचा पट्टा मात्र दोन खटके सैल झाला होता. असं होतंच. शॉकअप आणि फास दोन्ही हळूहळू जागेवर बसतात. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर एकदा थांबायचंच, आणि पुढे प्रत्येक चहाच्या स्टॉपला हात लावून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

साताऱ्याला वाढे फाट्यावर अण्णा उभे होते. हातात डब्याची पिशवी. मला वाटलं, डबा देतील, टाटा करतील. पण त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि बासष्टाव्या वर्षी सरळ हौद्यात चढले. काही न बोलता एकेक पट्टा बोटानं तारेसारखा वाजवून बघितला. हूक बघितले. ठोकळे बघितले. हँडल धरून हलवलं. व्हॅन डुलली.

मग उजव्या पुढच्या पट्ट्यापाशी थांबले. “हे बघ. पट्टा केबलला घासतोय. रात्रभर घासला तर चित्रदुर्गाला पोचेपर्यंत केबल राहील का?” मी वाकून पाहिलं. खरंच घासत होता! एवढं सगळं करून हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. अण्णांनी खिशातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, पट्ट्याला गुंडाळला आणि पट्टा केबलच्या आतून फिरवून पुन्हा ताणायला माझ्याकडे दिला. मी दोन खटके दिले. त्यांनी मान हलवली.

“ताईंनीच बांधलीय सगळी, आमाला हात लावू देईनात,” ड्रायव्हरकाका म्हणाले.

अण्णा खाली उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, “बरोबर बांधलीस.” बस एवढंच. पण कोल्हापूर येईपर्यंत मी टीममेटशी धड बोलू शकले नाही.

निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकुरू... रात्रभराचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी बंगळुरूला पोचलो. उतरवतानाची एक ट्रिक सांगून ठेवते. बाइक मागच्या चाकानं खाली येते, तेव्हा भार मागं असतो आणि पुढचा ब्रेक घसरतो. अशा वेळी इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लच हळूहळू सोडत-दाबत खाली यायचं. क्लचच ब्रेकचं काम करतो. पट्टेही सगळे एकदम सोडायचे नाहीत. आधी मागचे, मग एकजण गाडी धरून असताना पुढचे, एकेक करून.

खाली उतरल्यावर पहिला फोन अण्णांना.

“पोचली?”

“पोचली.”

“टाकीला काय?”

“एकच पोचा आहे अण्णा. जुना.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्या पोच्यावर आम्ही दोघं हसलो.

निघण्यापूर्वी एवढं बघाच!

• आरसी, इन्शुरन्स, पीयूसी यांच्या प्रती जवळ ठेवा.

• टेम्पोत असताना झालेलं नुकसान तुमच्या पॉलिसीत धरलंय का, हे आधी विचारा. ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा मिळतो.

• दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ नुसार तिथे नव्यानं नोंदणी लागते. त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी घ्या.

• गाडी धुऊन घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढा. आधीचा ओरखडा कुठला आणि नंतरचा कुठला, यावर वाद नको.

• सायलेन्सर थंड झाल्याशिवाय पट्टे लावू नका. गरम सायलेन्सरला लागून पट्टा वितळतो.

• आरसे काढून ठेवा. क्रोमच्या भागांना जुनं सुती कापड गुंडाळा.

• कमीत कमी चार रॅचेट पट्टे, दोन सॉफ्ट लूप आणि एक जादा पट्टा. कुठला पट्टा कशाला घासतोय का, ते शेवटी एकदा नीट बघा!